ब्रूट प्रीमिए बंद का केली? रोदरेर घराण्याच्या एका निर्णयाचा अभ्यास

२०२१ साली फ्रान्समधल्या रँस शहरातल्या लुई रोदरेर या शॅम्पेन बनवणाऱ्या घराण्याने आपली सर्वांत परिचित बाटली बंद केली. ब्रूट प्रीमिए हे तिचं नाव. १९८६ पासून ती बाजारात होती. जगभरच्या हॉटेलांच्या यादीत तिची जागा ठरलेली होती आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तरीही ती काढून टाकून तिच्या जागी 'कलेक्शन २४२' अशी, नावातच आकडा असलेली नवी ब्रूट, म्हणजे कमी साखरेची शॅम्पेन, आणली गेली. पुढच्या वर्षी तो आकडा २४३ झाला, त्यानंतर २४४.

चालती बाटली अशी कुणी बंद करत नाही. शॅम्पेनच्या धंद्यात महागड्या, पिकाचं साल छापलेल्या बाटल्यांनी घराण्याचं नाव होतं, पण घर चालतं ते साल न छापलेल्या ब्रूटवर. विक्रीचा मोठा हिस्सा तिचाच असतो. या ब्रूटचा शब्दही एकच असतो: तुम्ही कधीही, कुठेही उघडा, चव तीच लागेल. रोदरेरने नेमका हाच शब्द मागे घेतला. का घेतला, आणि घेणं त्यांना परवडलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. माझ्या मते हवामान बदलत असताना शेतीवर उभ्या असलेल्या धंद्याने कसं वागावं, याचं अलीकडच्या काळातलं हे एक फार चांगलं उदाहरण आहे.

घराणं आणि त्याची जमीन

घराण्याची सुरुवात १७७६ ची. १८३३ मध्ये लुई रोदरेरला ते काकांकडून वारशाने मिळालं आणि त्याने त्याला आपलं नाव दिलं. त्या काळी शॅम्पेनचे व्यापारी द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेत, मुरवत आणि विकत. बाग करणं हे शेतकऱ्याचं काम, असा सर्वसाधारण समज होता. लुईने १८४५ मध्ये वेर्झने गावात स्वतःच्या बागा घेतल्या. वेर्झने आजही पिनो न्वार या काळ्या द्राक्षासाठी पहिल्या दर्जाचं गाव मानलं जातं. १८७६ मध्ये रशियाच्या झार दुसऱ्या अलेक्झांडरसाठी पारदर्शक बाटलीतली क्रिस्टाल ही शॅम्पेन बनली. रशिया तेव्हा घराण्याचं मोठं गिऱ्हाईक होतं. १९१७ च्या क्रांतीत ते गिऱ्हाईक रातोरात गेलं. त्या धक्क्यातून आणि नंतरच्या मंदीतून घराणं बाहेर काढलं ते कामिय ओलरी-रोदरेर या बाईंनी. नवऱ्याच्या पश्चात १९३० च्या दशकापासून १९७५ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. पुढे त्यांचा नातू जाँ-क्लोद रुझो आणि आता पणतू फ्रेदेरिक रुझो. मालकी आजही कुटुंबाकडेच आहे.

या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे जमीन. शॅम्पेन विभागात साधारण ३४,००० हेक्टर बागा आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ ९० टक्के सुमारे १६,००० छोट्या-मोठ्या बागायतदारांच्या मालकीच्या आहेत. मोठमोठ्या नावांच्या घराण्यांकडे उरलेली जेमतेम १० टक्के. म्हणजे बहुतेक प्रसिद्ध घराणी द्राक्षं विकत घेतात. रोदरेरकडे स्वतःची सुमारे २४० हेक्टर आहेत, चारशेहून जास्त तुकड्यांत विखुरलेली, आणि गरजेचा मोठा भाग तिथून भागतो. बाग स्वतःची असली की हवामानाचा बदल आधी बागेतच दिसतो. मुख्य वाइनमेकर जाँ-बाप्तिस्त लेकायों १९८९ पासून या घराण्यात आहेत, आणि तळघराबरोबर बागांची जबाबदारीही त्यांच्याकडेच आहे. हा निर्णय समजून घेताना ही एक नेमणूक मला फार महत्त्वाची वाटते.

मिश्रण मुळात कशासाठी होतं

शॅम्पेन हा द्राक्ष पिकवण्याच्या दृष्टीने अगदी उत्तरेकडचा, थंड प्रदेश. शंभर-दीडशे वर्षं तिथल्या बागायतदाराची काळजी एकच: यंदा माल पिकेल का? मे महिन्यापर्यंत हिमकणांची भीती, फुलोऱ्यात पाऊस, सप्टेंबरअखेर तोडणी आणि तरीही मण्यात साखर कमी, आंबटपणा जास्त. एकेका वर्षाची वाइन एकटी पिण्याजोगी होईलच असं नव्हतं.

म्हणून मिश्रण. तीन मुख्य जाती एकत्र करायच्या: बांध्यासाठी पिनो न्वार, ताजेपणा आणि टिकाऊपणासाठी शार्डोने, फळाचा गोडवा आणि मऊपणा यावा म्हणून मेनिए. वेगवेगळ्या गावांचा माल एकत्र करायचा, म्हणजे एका गावात गारा पडल्या तरी दुसरं गाव सांभाळून घेतं. आणि चांगल्या वर्षांची वाइन राखून ठेवून पडत्या वर्षात मिसळायची. या राखीव वाइनचं काम कमतरता भरून काढण्याचं. हडकुळ्या वाइनला अंगाने भरवायचं.

मिश्रण बाटलीत भरताना त्यात यीस्ट आणि लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालतात. बंद बाटलीत ती साखर आंबते, वायूला बाहेर जायला वाट नसते आणि सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो आणि वाइन त्या गाळावर मुरते. साल नसलेल्या शॅम्पेनला किमान १५ महिने बाटलीत ठेवण्याचा नियम आहे, चांगली घराणी बरंच जास्त ठेवतात. मग बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ तोंडाशी आणतात, तोंडाकडचा भाग गोठवून तो बाहेर काढतात आणि रिकाम्या जागेत वाइन व थोडी साखर घालून बूच बसवतात. ही शेवटची साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असली तर बाटलीवर ब्रूट लिहिता येतं. कलेक्शन २४२ मध्ये ती ८ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे अख्ख्या बाटलीत सहा ग्रॅम, सव्वा-दीड चमचा. एवढ्या साखरेने मूळ वाइनमधलं काहीही झाकलं जात नाही. आंबटपणा कमी पडला तर तो सरळ जिभेला कळतो.

ब्रूट प्रीमिए याच विचारातून घडली होती. १९८६ मध्ये प्रश्न पिकण्याचा होता, म्हणून लाकडी पिंपांत मुरवलेली राखीव वाइन वापरून तिला भरीवपणा दिला जाई आणि वर्षावर्षांतला फरक पुसून टाकला जाई. त्या काळासाठी ते अगदी योग्य उत्तर होतं.

प्रश्नच बदलला

२००३ मध्ये एप्रिलात हिमाचा तडाखा, उन्हाळ्यात उष्णतेची लाट आणि ऑगस्टमध्येच तोडणी. १८२२ नंतर एवढ्या लवकर तिथे तोडणी झाली नव्हती. तेव्हा ते अपवाद म्हणून सोडून देता आलं. पण २००७, २०११, २०१७, २०१८ आणि २०२० मध्येही ऑगस्टमध्ये कात्र्या चालल्या, तेव्हा अपवाद म्हणायची सोय राहिली नाही. शॅम्पेनच्या बागायतदार-व्यापाऱ्यांच्या सामाईक समितीची आकडेवारी सांगते की तीन दशकांत सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढलं, तोडणी सुमारे अठरा दिवस अलीकडे आली, मद्यार्काचं प्रमाण पाऊण टक्क्याच्या आसपास वाढलं आणि आंबटपणा उतरला.

सुरुवातीला हे वरदानच वाटलं, आणि बऱ्याच अंशी ते होतंही. माल पिकू लागला, वाइन भरीव होऊ लागली. पण मग जुन्या कृतीचं काय? जी कृती हडकुळ्या वाइनला भरवण्यासाठी होती, ती आता आधीच भरलेल्या वाइनला आणखी जड करणार. कमी पडू लागला होता तो ताजेपणा, म्हणजे जिभेवरची ती आंबट, खारट धार, जिच्यासाठी लोक शॅम्पेन पितात. मिश्रणाची पद्धत तीच ठेवून त्याचं काम उलटं करायचं होतं: पूर्वी राखीव वाइनमधून पिकलेपणा यायचा, आता ताजेपणा यायला हवा होता.

बागेत त्यांनी याआधीच हालचाल केली होती. तणनाशकं सोडून मशागत, जैवगतिक पद्धत (सेंद्रिय शेतीचाच एक कडक प्रकार), मुळं खाली चुनखडीत जातील अशी जमिनीची जोपासना. क्रिस्टालचं २०१२ चं पीक पूर्णपणे जैवगतिक बागांतून आलं, आणि पुढे बागेच्या मोठ्या भागाला सेंद्रिय प्रमाणपत्रही मिळालं. तळघरात त्यांनी दुसरं आम्ल-रूपांतर जपून वापरलं. या प्रक्रियेत हिरव्या सफरचंदासारखं तीव्र आंबट मॅलिक आम्ल मऊ लॅक्टिक आम्लात बदलतं. थंड वर्षांत ते हवंहवंसं असतं, उष्ण वर्षांत त्याने उरलासुरला जिवंतपणाही जातो. म्हणून मिश्रणाच्या फक्त काही भागालाच ते होऊ दिलं जातं.

२०१२ पासून भरत आलेली राखीव

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. २०१२ मध्ये, म्हणजे कलेक्शन बाजारात येण्याच्या नऊ वर्षं आधी, रोदरेरने पिनो न्वार आणि शार्डोनेची एक राखीव सुरू केली. पूर्वी राखीव वाइन वर्षवार वेगळी ठेवत. इथे सगळी वर्षं एकत्र. २०१२ च्या वाइनमध्ये २०१३ ची मिसळली, मग २०१४, २०१५, २०१६. दरवर्षी मिश्रणासाठी काही भाग काढायचा आणि नव्या पिकाची वाइन घालून जागा भरायची. फ्रेंचमध्ये तिला कायमची राखीव म्हणतात. ती लाकडात न ठेवता पोलादी टाकीत, हवेपासून जपून ठेवली, म्हणजे जुनी होत जाते पण थकत नाही.

टाकीत काय घडतं ते समजायला एक हिशोब करून पाहू. समजा दरवर्षी टाकीतला एक-तृतीयांश भाग काढला आणि तेवढाच नवा भरला. पहिल्या वर्षाचा वाटा एका फेरीनंतर दोन-तृतीयांश उरतो, पाच फेऱ्यांनंतर सुमारे १३ टक्के, दहा फेऱ्यांनंतर दोन टक्क्यांहूनही कमी. पण शून्य कधीच होत नाही. प्रत्यक्षात काढण्या-भरण्याचं प्रमाण दरवर्षी वेगळं असतं, हा आकडा फक्त तत्त्व कळण्यापुरता. तत्त्व असं की टाकी जसजशी वयात येते तसतसा कुठल्याही एका वर्षाचा धक्का तिला कमी बसतो. एखादं वर्ष तापलेलं आलं तर ते आधीच्या सगळ्या वर्षांत विरघळतं. जुन्या पद्धतीत ही स्थिरता वाइनमेकरला दरवर्षी नव्याने जुळवावी लागे, इथे ती टाकीतच साठत जाते. अशी राखीव शॅम्पेनमध्ये नवी नाही, आंसेल्म सेलोससारखे स्वतः बाग करणारे उत्पादक १९८० च्या दशकापासून ती सांभाळत आलेत. पण एका मोठ्या घराण्याने आपल्या मुख्य ब्रूटचा एक-तृतीयांश भाग तिच्यावर उभा करणं ही वेगळीच उडी आहे.

आता २४२ उघडून पाहू. पायाचं वर्ष, म्हणजे ज्या एका पिकाची वाइन मिश्रणात सर्वांत जास्त असते ते, २०१७; त्याचा वाटा ५६ टक्के. कायमच्या राखीवचे ३४ टक्के, म्हणजे २०१२ ते २०१६. उरलेले १० टक्के मोठ्या ओक पिंपांत मुरलेल्या निरनिराळ्या वर्षांच्या वाइनचे. जातींच्या हिशोबाने शार्डोने ४२, पिनो न्वार ३६, मेनिए २२.

पायाला २०१७ असणं ही फार मोठी कसोटी होती. त्या वर्षी एप्रिलअखेर हिमाने कोवळे फुटवे जाळले, उन्हाळा बरा गेला म्हणेपर्यंत ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस झाला आणि पिनो न्वार, मेनिएच्या घडांत करडी बुरशी शिरली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं वर्ष. शार्डोने त्या मानाने बचावलं, आणि शार्डोनेचा वाटा सर्वांत जास्त का, याचं उत्तर त्यात आहे. नवी बाटली बाजारात आणताना कुणीही पुढच्या वर्षाची, २०१८ ची वाट पाहिली असती. २०१८ मध्ये ऊन भरपूर, माल भरपूर, घड निरोगी. त्यांनी पदार्पण अवघड वर्षाने केलं. धंद्याच्या दृष्टीने हे धाडस, पण तांत्रिक दृष्टीने याहून चांगला पुरावा नव्हता: ४४ टक्के राखीव वाइन असताना २०१७ सारखं वर्षसुद्धा उभं राहतं.

२४३ मध्ये पायाला २०१८ आल्यावर त्या वर्षाचा वाटा ५९ टक्क्यांवर गेला आणि कायमच्या राखीवचा ३१ वर आला. २४४ मध्ये, २०१९ च्या पायावर, हेच आकडे ५४ आणि ३६. वर्ष जसं असेल तसा काटा हलतो.

आकडा छापण्याचा अर्थ

२४२ म्हणजे १७७६ पासून मोजलेलं दोनशे बेचाळिसावं मिश्रण. बाटलीवरच्या आकड्यात १७७५ मिळवले की पायाचं वर्ष मिळतं. साल न छापताही साल सांगितलं जातं.

ही कल्पना रोदरेरची पहिली नव्हती. जाक्सों या शॅम्पेन घराण्याने २००० च्या पिकापासून आपली जुनी ब्रूट सोडून ७२८, ७२९ अशी क्रमवारी सुरू केली होती आणि दरवर्षी त्या वर्षाची जमेल तितकी उत्तम वाइन करायची, एकसारखेपणाचा हट्ट धरायचा नाही, असं उघडपणे ठरवलं होतं. क्रुगही आपल्या ग्रांद क्युव्हेवर आवृत्तीचा क्रमांक छापतं. पण जाक्सों छोटं घराणं आहे आणि क्रुगची बाटली फार वरच्या किमतीची. रोदरेरने हे मुख्य प्रवाहातल्या ब्रूटच्या बाबतीत केलं, जी लग्नात, विमानतळावर, रेस्तराँत ग्लासवारी विकली जाते.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. हॉटेलवाल्याला दरवर्षी यादी बदलावी लागते. दुकानात दोन आकडे शेजारी उभे राहिले की गिऱ्हाईक विचारतं, यातलं चांगलं कुठलं? आणि मग विक्रेत्याला आठवड्याच्या घाईत दोन हवामानांची कथा सांगावी लागते. सगळ्यांत मोठा आक्षेप हा की साल नसलेल्या ब्रूटची ताकदच तिच्या तटस्थपणात होती. ज्याला नुसती भरवशाची बाटली हवी, त्याच्यावर तपशिलाचा भार का टाकावा?

हा शेवटचा आक्षेप मला मान्य नाही. एकसारखी चव द्यायची ती कशाच्या जोरावर? हवामान एका दिशेने सरकत असेल, तर तीच कृती धरून बसणाऱ्याची चवही त्याच दिशेने सरकणार, फक्त लेबल तेच राहणार. १९८६ ची आणि २०१५ ची ब्रूट प्रीमिए एकच होती असं म्हणणं धाडसाचं ठरेल. आकडा छापून रोदरेरने ताकाला जाऊन भांडं लपवणं थांबवलं. शिवाय आकड्यामुळे पिणाऱ्याला एक नवी सोय झाली: बाटली केव्हाची आहे ते कळतं, दोन-तीन वर्षं ठेवून पाहता येते, दोन आकडे शेजारी ठेवून चाखता येतात. साल नसलेल्या बाटलीचं वय सांगणं आजवर कठीण होतं.

नऊ वर्षं कुणाला परवडतात

२०१२ ते २०२१ या काळात त्या राखीवेत भरलेली वाइन विकली असती तर पैसे आले असते. उलट ती थंड ठेवायची, तपासायची, तिच्या भोवती जागा अडवायची. त्यावर २०१७ च्या पायाची वाइन बाटलीत भरल्यावर आणखी काही वर्षं तळघरात. भांडवल एवढा काळ पडून राहतं आणि ज्या बाटलीसाठी हे चाललंय तिचं नावही अजून कुणाला माहीत नाही.

इथे कुटुंबाची मालकी कामाला आली, असं मला ठामपणे वाटतं. मालक कुटुंब असलं म्हणजे आपोआप शहाणपण येतं असं नाही, आणि क्रुग तर मोठ्या समूहाच्या मालकीचं असूनही उत्कृष्ट राखीव सांभाळतं. पण रोदरेरच्या बाबतीत बाग स्वतःची, तळघर स्वतःचं, निर्णय घेणारे मोजके आणि वाइनमेकर तीन दशकं याच घराण्यात असलेला. चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून प्रयोग मध्येच सोडून द्यायची वेळ आली नाही. द्राक्षं विकत घेणाऱ्या घराण्याला तळघरातलं अर्धं उत्तर जमलं असतं, बागेतलं उरलेलं अर्धं दुसऱ्याच्या हातात राहिलं असतं.

आपल्याकडच्या बागेतून पाहताना

महाराष्ट्रात बाटलीत आंबवलेली फेसाळ वाइन नवी नाही. नारायणगावच्या इंडाजने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने ती केली आणि परदेशी पाठवली. आज नाशिकची सुला आणि दिंडोरीची शांदों ती करतात. आपला प्रश्न आणि शॅम्पेनचा आजचा प्रश्न मात्र एकाच जागी येऊन पोचलेत. नाशिकला माल पिकत नाही अशी तक्रार कधीच नव्हती. सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी झाली की जानेवारीपासून मणी झपाट्याने गोड होतात, ऊन चढलं की आंबटपणा पडतो, म्हणून फेसाळ वाइनसाठीची शेनिन ब्लाँ ही पांढरी द्राक्षं इतर मालाच्या आधी, साखर कमी असतानाच तोडतात. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री आहेत म्हणून हे जमतं. त्या रात्री उबदार झाल्या तर लवकर तोडण्यालाही मर्यादा आहे, कारण फार कच्च्या द्राक्षात आंबटपणा असतो पण चव नसते.

राखीव टाकीचा मार्ग आपल्यालाही खुला आहे, आणि तो शॅम्पेनपेक्षा महाग पडेल. त्यांची चुनखडीतली तळघरं वर्षभर आपोआप गार असतात, आपल्याला मार्च ते जूनची वीज भरावी लागेल. पहिली चार-पाच वर्षं टाकीत नुसतं घालत राहायचं, हातात काही यायचं नाही. मोठ्या उत्पादकाने एका छोट्या टाकीपासून, एकाच जातीवर, चांगल्या गार वर्षाच्या मालाने सुरुवात केली तर खर्च आवाक्यात राहील. पाचव्या वर्षी तिच्यातली १० टक्के वाइन मिसळलेली बाटली आणि न मिसळलेली बाटली शेजारी ठेवून चाखली की पुढे जायचं की नाही ते ठरवता येईल.